गीझरच्या फॉर्मवरची खोटी खूण

आमच्या जर्मनीतल्या, कायझर्सलाउटर्नच्या घरातला बाथरूममधला गॅसचा गीझर ऐन थंडीत बंद पडला, आणि नेमकी तेव्हाच आई पुण्याहून आमच्याकडे आली होती. सकाळी उठून अंघोळ झाल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. पुण्यात मी असे गीझर स्वतः खोलून बसवले आहेत. इथे मात्र गॅसला हात लावायचा तो परवाना असलेल्या फिटरनेच. त्याने बसवला तरी शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडी तपासणारा माणूस, येऊन बघून सही करेपर्यंत तो चालू करायचा नाही. मेकॅनिकल इंजिनिअर असून एवढ्याशा कामासाठी दोघांची वाट बघायची, याचा मला मनापासून संताप यायचा.

फिटरने नवा गीझर बसवला आणि एक फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न होता: स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का? होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फोडणीच्या वासाची दोनदा तक्रार केल्यावर मीच चांगला दणकट पंखा आणून त्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढला होता. पण 'हो' लिहिलं तर खिडकी उघडल्याशिवाय पंखा सुरू होऊ नये म्हणून वेगळा स्विच बसवावा लागणार, त्यासाठी इलेक्ट्रिशियन, त्याचा पुन्हा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यायचा. मी 'नाही'वर खूण केली. फिटरने तोंडी विचारलं, तेव्हा पंख्याची हवा आतल्या आतच फिरते असं ठोकून दिलं.

तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर आईने काय करायचं? मी दुसऱ्याच दिवशी गीझर चालू केला. तो मधूनच आपोआप बंद पडायचा. मी बटण दाबून पुन्हा सुरू करायचो.

आई सहाला अंघोळीला जायची. त्याच वेळी बायको डब्याच्या भाजीला फोडणी द्यायची. पंखा पूर्ण जोरात, बाहेर बर्फ, खिडक्या गच्च बंद.

चार-पाच दिवसांतच आई म्हणायला लागली, "डोकं फार जड होतंय रे. अंघोळ करून आले की मळमळतं."

"अगं, इतकं कढत पाणी घेतेस, मग काय होणार!"

एकदा ती टबच्या कडेवर बसूनच राहिली. पाय उचलेनात. बायको म्हणाली, "अरे, डॉक्टरांकडे तरी ने ना त्यांना." नेलं. बीपी नॉर्मल निघालं. मग मी आईला समोर बसवून शहाण्यासारखं सांगितलं, "आई, वय झालंय आता तुझं. झेपेल तेवढंच करायचं. पुण्यातला जिनाही एकटीने उतरत जाऊ नकोस." तिचा चेहरा पडला. तो मी पाहिला आणि विषय बदलला. दोन दिवसांनी तिने तिकीट अलीकडचं करून मागितलं. मला जरा सुटल्यासारखंच वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

ती गेली आणि चौथ्या दिवशी तो तपासनीस आला. काळ्या कपड्यांतला हा माणूस रस्त्यात दिसला की इथले लोक शुभ मानतात. त्याने गीझर चालू केला, सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच पंख्याचं बटण दाबलं. मग गीझरच्या वरच्या फटीपाशी एक छोटा आरसा धरला. आरशावर वाफ धरली. जळालेला गॅस धुराड्यातून वर न जाता पंख्याच्या ओढीने बाथरूममध्येच उतरत होता. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं.

"पंखा चालू असताना इथे अंघोळ कोण करतं?" त्याने विचारलं.

"माझी आई."

"कुठे आहे ती?" त्याचा आवाज एकदम बदलला.

"भारतात. बरी आहे."

गॅसचा कॉक बंद करून त्याने त्यावर लाल कागद चिकटवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढे स्विच बसला, सही मिळाली. आईला मात्र मी काही सांगितलं नाही. तिकडे गेल्यावर तिचं डोकं जड होणं थांबलं होतं. तिथली हवा मला मानवत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची आणि मी ते चालू दिलं. चार महिने. एका रविवारी फोनवर राहवेना.

"आई, ते वयामुळे नव्हतं. गीझरमुळे होतं. आणि चूक माझी होती." खोट्या खुणेसकट सगळं सांगून टाकलं.

ती रागावेल याची मी वाट बघत राहिलो.

"म्हणजे जिना मी एकटी उतरू शकते?" तिने विचारलं. "अरे, तिथून आल्यापासून मी खाली गेलेच नाहीये."