कॅसलरॉकच्या नाक्यावर देवीचं लुगडं

आमची थोरली, कुसुम, बाळंतपणात अडली तेव्हा मी कुलदेवीला इरकली लुगडं बोलले होते. देवी गोव्यात. लुगडं तिला नेसवायचं आणि प्रसाद म्हणून परत मिळेल ते कुसुमला द्यायचं. नातू रांगायला लागला, तेव्हा आणखी लांबवू नये म्हणून आम्ही दोघं निघालो.

सुप्याहून तिनईघाटापर्यंत बैलगाडी. वाट रानातली, उजाडल्यावरच निघावं. सोबत दशम्या न्याव्यात, त्या टिकतात. पुढे आगगाडी, तिसरा वर्ग.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबते. पुढे घाट उतरायचा, म्हणून ब्रेक तपासतात, इंजिनात पाणी भरतात. तेवढ्यात हातपाय धुऊन घ्यावेत. नळाचं पाणी चांगलं गार आहे. बायकांना बसायला वेगळी खोली आहे. तिथला म्हातारा हमाल सांगत होता, "हितं नुसतं रान हुतं, बाई. आधी रूळ आलं, मग ठेसन, आन् ठेसनामागनं गाव."

खोलीत पाहते तो आमच्याच डब्यातली, खानापूरकडची यल्लूबाई अंगावरच्या लुगड्यावर दुसरं कोरं लुगडं नेसत होती. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीज नाका; कोऱ्या कापडावर जकात, अंगावरच्यावर नाही.

"अक्का, तुमी बी नेसा की."

"देवीचं आहे. माझं नेसलेलं तिला कसं देऊ?"

"मग भरा जकात. देवीला काय, बसल्या जागी मिळतंय."

भरली. परतीच्या भाड्यापुरतेच पैसे उरले. देवळाच्या अग्रशाळेत राहिलो, जेवण देवळातच, म्हणून निभावलं. पुजाऱ्यांनी लुगडं देवीला नेसवलं आणि दुसऱ्या दिवशी घडी करून माझ्या ओटीत घातलं.

परतताना कॅसलरॉकला इंग्रजी नाका असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सगळ्यांनी गाठोडी लांब बाकावर मांडायची. कारकुनानं आमचं उघडलं.

"कोरं लुगडं. जकात पडेल."

"पैसे नाहीत हो," हे म्हणाले.

"मग ठेवून जा."

कुसुमला काय सांगू, एवढंच मनात आलं.

"कोरं नाही, नेसलेलं आहे," मी म्हणाले.

"कोणी नेसलं?"

"देवीनं. परवा सकाळी."

कारकुनानं घडी उलगडली. पदराला कुंकू लागलं होतं आणि निऱ्यांत अबोलीचं सुकलेलं फूल होतं. फूल त्यानं होतं तिथंच राहू दिलं.

"साहेबाला मी काय सांगू, बाई?"

मागून हमाल म्हणाला, "न्हेसलंय म्हंत्यात न्हवं? मग न्हेसलंयच की."

कारकुनानं गाठोड्यावर खडूनं फुली मारली. "चला, पुढचं आणा."

गाडीत बसल्यावर मी यांना विचारलं, "मी खोटं तर बोलले नाही ना?"

"त्या नाक्यावर खरं बोलणारी तू एकटीच असशील," हे म्हणाले.

आठवड्यानं कुसुम आली, लुगडं नेसून देवापुढे बसली. पदरावरचा डाग पाहून म्हणाली, "आई, रिठ्यानं निघेल हा."

म्हटलं, राहू दे. तुला कधी नवस फेडायला जावं लागलं, तर नाक्यावर दाखवायला होईल.