ट्रॅक्टरची पुढची वजनं

ती घटना आजही आठवते, आणि डोक्याच्या आधी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला आठवते.

तेव्हा मी दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खुटबावच्या बाजूच्या एका बागायतदारांनी सकाळीच येऊन फिर्याद दिली. घराशेजारच्या शेडमधला छोटा डिझेल ट्रॅक्टर रात्रीतून चोरीला गेला होता. गृहस्थ सोसायटीवर निवडून आलेले, कपडे परीटघडीचे, बोलणं मोजकं. अशा माणसाची फिर्याद लिहून घेताना आपलं अक्षरसुद्धा सुधारतं.

घाईघाईत चपलांवरच पंचनाम्याला गेलो. शेडमध्ये पंच उभे, गावकरी उभे. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. "सर, तपास योग्य दिशेने चालू आहे," असं म्हणत मी तोऱ्यात वळलो आणि भिंतीकडेला रचलेल्या बिडाच्या ठोकळ्यांवर अंगठा आपटला. नख उलटलं. तोंडातून जे निघालं ते वरिष्ठांनीही ऐकलं. पंच हसू दाबत होते.

"ट्रॅक्टरची पुढची वजनं हायती साहेब," फिर्यादी म्हणाले. "मागं अवजड अवजार लावलं की तोंड उचलू नये म्हणून लावत्यात. बागेत वळायला अडचण, म्हणून काढून ठेवली."

सगळ्यात वरच्या वजनाचा एक कोपरा तुटलेला होता. त्यावर माझं थोडं रक्त लागलं. पंचनाम्यात मी शेड लिहिली, टायरचे ठसे लिहिले, कडी-कोयंडा लिहिला. वजनं लिहिली नाहीत. ती लिहिली असती तर आमच्या हवालदारांनी अंगठाही लिहिला असता.

काही आठवड्यांनी नदीपलीकडून, शिरूर तालुक्यातल्या एका वर्कशॉपमधून खबर आली. सर्व्हिसिंगला आलेल्या ट्रॅक्टरचा चासी नंबर भलत्याच्या नावावर निघत होता. नंबर आमच्याच गुन्ह्यातला. मी दोन गाड्या घेऊन पूल ओलांडला. तळेगाव ढमढेरेच्या पुढं एका वस्तीवर ट्रॅक्टर मिळाला, धुऊन-पुसून दारात उभा. चोरीचा माल वेळेवर सर्व्हिसिंगला नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. त्याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला फक्त आनंद झाला.

ट्रॅक्टर बाळगणारे गृहस्थ पन्नाशीचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. वडिलांपर्यंत मेंढरांमागे रानोमाळ फिरलेलं घर; आता कांदा, थोडा ऊस, थोडं डाळिंब करून स्थिरावलेलं. त्या घरातला हा पहिला ट्रॅक्टर. मुद्देमाल जप्त करताना गाव जमलं. मागून कुणीतरी म्हणालं, "तरी म्हणलं, मेंढरंवाल्याच्या दारात ट्रॅक्टर आला कुठनं." आप्पांच्या बायकोनं ते ऐकलं आणि ती आत निघून गेली. मीही ऐकलं, आणि माझ्या कामाला लागलो.

ठाण्यात चौकशी सुरू केली.

"कुणाकडून घेतला?"

"एजंटाकडनं. तळेगावच्या बाजारात भेटला व्हता. आता त्याचा फोनच लागंना."

"काय बघून घेतला?"

आप्पांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "सकाळचं गेलो साहेब, इंजिन थंड असताना. आधीच गरम करून ठिवलेला असला तर माघारी यायचं. धुराचा रंग बघितला. रेडिएटरचं झाकण काढून तेलाचा तवंग हाय का बघितलं. मागं मशागतीचा रोटर लावून हायड्रॉलिकवर उचलून ठिवला आन् च्या पिऊन आलो. इंचभर खाली आला न्हवता."

"आणि कागद?"

"मागनं देतो म्हणाला."

"रेडिएटरचं झाकण काढून बघितलंत आणि कागद मागनं?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "चुकलं साहेब. मशीन चांगलं म्हंजी मालक बी चांगला, असं वाटलं."

असली उत्तरं आरोपी पाठ करून येतात, हा माझा अनुभव. अटक दाखवली, कोर्टात उभं केलं. जामीन झाला, दर सोमवारी ठाण्यात हजेरीची अट पडली. ट्रॅक्टर आमच्या आवारात लागला.

पोलीस ठाण्याचं आवार म्हणजे वाहनांची पांजरपोळ. टायर बसलेल्या जीपा, सीटमधून गवत उगवलेल्या मोटारसायकली. खटला निकाली निघेपर्यंत वाहन निकालात निघालेलं असतं. पहिल्याच सोमवारी हवालदार माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, आरोपी मुद्देमालाला ग्रीस मारतोय."

मी बाहेर धावलो. आप्पा हातात ग्रीसगन घेऊन पुढच्या चाकाशी बसले होते.

"हात लावायचा नाही, कळत नाही का? पुरावा आहे तो."

"पुरावा हाय म्हणूनच साहेब. आठवड्यातनं एकदा चालू न्हाई केला तर बॅटरी मरंल. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठंल. माझा असो नायतर त्यांचा, मशिनचा काय गुन्हा?"

पुरावा नष्ट करायला येणारे मी बरेच पाहिले होते. पुराव्याचं तेलपाणी करणारा हा पहिलाच. काहीतरी डाव असणार म्हणून मी परवानगी दिली आणि हवालदारांना नजर ठेवायला सांगितलं. आता दर सोमवारी आप्पा हजेरीची सही करायचे, मग एअर क्लीनर झटकायचे, पाणी बघायचे, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचे आणि वर गोणपाट टाकून एसटीनं परत जायचे. नजर ठेवता ठेवता आमचे हवालदार पाने द्यायला लागले.

दरम्यान मी फिर्यादींना ट्रॅक्टर ओळखायला बोलावलं. ते आले, लिंबाखाली उभे राहिले, लांबूनच "आमचाच" म्हणाले.

"जवळून बघा ना. बसून बघा."

"राहू द्या साहेब. चोराचा हात लागलेला."

तो परत मिळावा म्हणून कोर्टात अर्जही त्यांनी केला नाही. एरवी लोक सायकलीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मला वाटलं, मोठ्या माणसाचं मन मोठं. हवालदारांनी मात्र पान थुंकून सांगितलं, "साहेब, आमची म्हैस हरवून घावली तवा बायको तिच्या गळ्यात पडली. माझ्या कवा पडली न्हाई. ह्यांनी ट्रॅक्टरला बोट लावलं न्हाई."

हसलो, पण ते मनात राहिलं. दोषारोपपत्राचा मसुदा तयार होता, नुसती सही राहिली होती. त्या सोमवारी सही न करता मी बाहेर गेलो आणि ट्रॅक्टरच्या समोर उभा राहिलो. पुढची वजनं फडक्यानं पुसलेली होती. एका वजनाचा कोपरा तुटलेला होता. माझा अंगठा बुटाच्या आत ठणकला.

"आप्पा, ही वजनं ट्रॅक्टरबरोबरच आली का?"

"न्हाई. मागनं आली. रोटर लावला तर तोंड उचलाय लागलं. एजंटाला फोन केला, म्हणलं वजनं द्या नायतर ट्रॅक्टर माघारी न्या. मग दोन दिसानं पिकअपमधनं पाठवली."

मी पायरीवर बसलो. ट्रॅक्टर चोरीला गेल्यानंतर वजनं फिर्यादींच्या शेडमध्ये होती. याला साक्षीदार माझा अंगठा. मग ती नदी ओलांडून आप्पांच्या वस्तीवर गेली कशी? चोर वजनं मागायला परत आला होता का? हे मी आप्पांना पहिल्याच दिवशी विचारू शकलो असतो. मी माणसाची सगळी चौकशी केली, ट्रॅक्टरची केली नाही.

पिकअपवाला सापडला, त्याच्याकडून एजंट सापडला. तो फिर्यादींचा साडू निघाला. पंचांना पुन्हा बोलावलं. वजनं त्या दोघांनाही आठवत नव्हती. साहेबांना लागलेली ठेच मात्र अगदी तपशीलवार आठवत होती. मग फिर्यादींना त्याच शेडमध्ये नेलं. भिंतीकडेची जागा मोकळी होती.

"इथली वजनं कुठं गेली?"

"नेली असतील चोरांनी. ट्रॅक्टरबरोबरच."

"मग मला ठेच कशाची लागली?"

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिताना माणूस कबुलीची वाक्यं जुळवत असतो, म्हणून अशा वेळी घाई करायची नसते. साडूकरवी ट्रॅक्टर विकायचा आणि चोरी दाखवून विम्याचेही पैसे घ्यायचे, असा बेत होता. कागद कधीच मिळणार नव्हते.

आप्पांचं नाव आरोपींतून वगळलं गेलं. पुढे कोर्टानं ट्रॅक्टर सुपूर्दनाम्यावर त्यांच्या ताब्यात दिला. ते न्यायला आले तेव्हा त्या भंगाराच्या मधोमध इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं. मी हात जोडले, म्हणालो, "आप्पा, झालं गेलं विसरा. आता तुमच्यावर डाग नाही."

ते ट्रॅक्टरवरून उतरले. "साहेब, ते तुमच्या कागदावर. गावानं कागद कुठं वाचलाय? नेला तवा सगळ्यांनी बघितला. आता नेताना तुम्ही बसा की बाजूला."

मडगार्डवर माणूस बसवणं नियमात बसत नाही. मी गणवेशात, टोपीसह बसलो. त्या छोट्या ट्रॅक्टरचं मडगार्ड आणि माझा पोलिसी देह यांचा मेळ शेवटपर्यंत जमला नाही. भीमेच्या पुलावरून, तळेगावातून, भर बाजाराच्या दिवशी आम्ही गेलो. वस्तीजवळ तोच मागून बोलणारा आवाज या वेळी पुढून आला, "काय आप्पा, आज कुणाला धरून आणलं?"

"साहेबांस्नी," आप्पा गिअर बदलत म्हणाले. "जामीन मीच दिलाय."

लोक हसले. दारात त्यांची बायको उभी होती. ती हसली नाही. आत जाऊन आरतीचं ताट घेऊन आली. आधी चाकांना कुंकू लावलं, मग माझ्याकडे बघून थोडं थांबली, आणि मलाही लावलं.

धाड सगळं गाव बघतं आणि सुटका एकटा माणूस बघतो, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर शक्य तिथे मी स्वतः जाऊन, हा माणूस निर्दोष आहे, असं लोकांदेखत सांगत आलो. सगळीकडे जमलं, असं म्हणणार नाही.

आता निवृत्तीनंतर माझ्याही दारात तसलाच एक छोटा ट्रॅक्टर आहे. घेताना आप्पा बरोबर आले होते. विक्रेत्याच्या दारातच म्हणाले, "मशीन मी बघतो, कागद तुम्ही बघा." काम असो वा नसो, दर सोमवारी मी गोणपाट काढतो, तेलपाणी बघतो आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. घरचे विचारतात, रोज का नाही, रविवारी का नाही. मी सांगतो, हजेरी सोमवारीच असते.