जहाल साडू

माझ्या देगलूरच्या साडूंइतका जहाल माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर साडूंनी त्याला मवाळ ठरवून केव्हाच मोडीत काढला असेल. हा शब्द त्यांनी शाळेत इतिहासाच्या तासाला उचलला तो कायमचा. ऊन जहाल, भाजीचं तिखट जहाल, आणि स्वतः तर आहेतच. शेजारच्या खानसाहेबांना एकदा अभिमानानं म्हणाले, "मी जहाल हाय." उर्दूत जाहिल म्हणजे अडाणी. ते बिचारे कळवळले, "नै नै भाई, ऐसा नको बोलो, अच्छे पढेलिखे हो!"

नुसत्या बोलण्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. कंधारच्या वाटेवर कंडक्टरनं एका म्हातारीला "सरक" म्हटलं, म्हणून साडू एस.टी. थांबवून निषेधार्थ उतरले. मलाही उतरवलं. म्हातारी मात्र आमच्या रिकाम्या जागेवर ऐसपैस बसून पुढे गेली. भर उन्हात मी कुरकुरलो, तर म्हणतात, "पाव्हणं, तुम्ही लई मवाळ!"

स्वतःच्या मुलीच्या लग्नात तरी गप्प राहतील, अशी माझी भाबडी आशा होती. हळदीला रेणापूरचे व्याही मांडवात बसलेले, सवाष्णी वाट्या घेऊन पुढे सरकल्या, तोच साडू आडवे आले. "पहिली हळद आक्का लावंल. तिनंच वाढविलं पोरीला. न्हाईतर हळदच न्हाई." आक्का म्हणजे त्यांची थोरली, विधवा बहीण. व्याह्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी हात जोडले, "अहो, आज तरी नको!" साडू ढिम्म. नवरी पाटावर तशीच अवघडून बसलेली.

शेवटी स्वयंपाकघरातून आक्काच आली. कुणाकडं न बघता तिनं पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि भावाकडं वळली. "झालं मनासारखं? चारचौघांत उभं केलंस मला. आधी इचारलं व्हतं का?"

साडू मान खाली घालून बाजूला झाले. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

पंगती बसल्यावर ते माझ्या शेजारी येऊन टेकले. मग म्हणाले, "चुकलं का हो माझं?"

एवढी वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. पण समोर मांडवाच्या खांबाला टेकून आक्का एकटीच बसली होती. बाकीच्या बाया कधीच हात धुऊन जेवायला गेल्या होत्या. तिचा उजवा तळवा मांडीवर उताणा होता, पिवळाधमक, आणि ती त्याच्याकडं बघत होती.