कौलांवरचा पेंढा

बाळकुमची ठमाबाई कुणाच्या बापाला भीत नसे. नवरा गेल्यावर तिने मिठागरात पाट्या वाहिल्या, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन ठाण्याचा बाजार गाठला, आणि वाकडं बोलणाऱ्याला असा जबाब दिला की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. स्वातंत्र्य आलं तेव्हा तिची रतन परकर घालून हुंदडत होती. पोर लग्नाची झाली तशी ठमाबाईने घरावर मंगळुरी कौलं चढवली. गवताच्या छपराखाली कोण सोयरा येतो? ती कौलं बघायला ती उठता-बसता उगाच अंगणात येई.

अशी ही बाई भाऊंच्या हाती लागली. भाऊ ठाण्याचे, पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क. जन्मभर साहेबापुढे वाकल्यामुळे उरलेलं आयुष्य ताठ उभं राहून देश घडवायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी त्यांनी ग्रामदर्शन मंडळ काढलं. शहरची मंडळी रविवारी खेडं बघायला येतील, जेवतील, भाजीपाला घेतील आणि खेड्याचं भलं होईल, असा त्यांचा सिद्धांत. रतनच्या लग्नाला हातभार लागेल म्हणून ठमाबाईने मान डोलावली.

घर बघताच भाऊंचा चेहरा पडला.

"ठमाबाई, कौलं?"

"मंगलोरी हायत," ती तोऱ्यात म्हणाली.

"अहो, कौलं बघायला लोक ठाण्याच्या नौपाड्यातून इथवर कशाला येतील? खेडं म्हणजे गवताचं छप्पर!"

झालं, कौलांवर पेंढा चढला. मग चुलीची पाळी आली. ठमाबाईच्या घरी तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण. भाऊंच्या खेड्यात ज्वारीची भाकरी आणि पिठलं. ज्वारी ठाण्याच्या बाजारातून आली आणि ती थापायला शिकवायला भाऊंच्या पत्नी मंदाकिनीबाई आल्या, माहेरच्या सोलापूरकर. सुके बोंबील मागच्या पडवीत टोपलीखाली दडवले गेले. खेडं कसं असतं ते खेड्याला शिकवायला ठाण्याहून माणसं आली. विकास विकास म्हणतात तो हाच असावा.

रविवारी मंडळी आली ती आपापले डबे घेऊन. फिरकीच्या तांब्यात पाणीसुद्धा घरचंच. ठमाबाईच्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी कौतुकाने चाखला, आणि भेंडी ठाण्यातच बरी मिळते म्हणून टोपलीत परत ठेवली. भाऊ खाटेवर उभे राहून ग्रामोद्धारावर बोलू लागले.

नेमके तेव्हाच शीळफाट्याकडचे काळुराम पाटील बायकोला घेऊन आपल्या मुलासाठी रतनला बघायला आले. असं न सांगता यायचं हीच रीत. सांगून गेलं तर सारवलेलं अंगण दिसतं, माणसं दिसत नाहीत. काळुरामांनी छपराकडे पाहिलं. बायकोने चुलीकडे पाहिलं.

"कौलांचं घर हाय असं ऐकलेलं," काळुराम पुटपुटले.

"आन् ही भाकर कसली? आपल्यातलीच ना ही माणसां?" बायको कुजबुजली. दोघंही पाण्याला न थांबता वळली.

दारातल्या रतनचे डोळे भरून आले. ते बघून ठमाबाईला भाऊंपेक्षा स्वतःचाच संताप आला. पदर खोचून तिने शिडी लावली.

"थांबा पावणे! वर बघा!"

पहिलाच भारा भाऊंच्या टोपीवर आला. "ठमाबाई, हे काय! खेडं मोडताय तुम्ही!"

"मोडू दे तुमचं खेडं! माजं घर दिसू दे! रतन, बोंबील भाज गं!"

बोंबलांचा वास सुटला तशी मंडळाने नाकाला रुमाल लावले आणि डबे उचलले. काळुरामांची बायको मात्र ओट्यावर टेकली. "तांदलाची भाकर असंल ना?" तिने विचारलं.

"बस बाय, आत्ता थापते," ठमाबाई शिडीवरून म्हणाली.

टोपीतला पेंढा वेचत रस्त्याला लागलेले भाऊ बायकोला म्हणाले, "ह्या लोकांना खेडं म्हणजे काय तेच कळत नाही."

वैशाखात रतनचं लग्न झालं. ठमाबाईने भाऊंना अगत्याने बोलावलं. साऱ्या पंगतीला तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. भाऊंच्या पानात तेवढी उरलेल्या ज्वारीची पडली.

"खावा भाऊ," ठमाबाई म्हणाली, "खास खेड्यातली हाय."