तिवा आणि नाल्याकाठची जागा

तेव्हा मी पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही मुली दोनच. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चार माणसांसमोर मराठीत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची.

सुट्टीत मौद्याजवळ मामांच्या गावी गेले. डवरणीचे, म्हणजे बैलजोडीनं कपाशी कोळपायचे दिवस. मामांच्या जोडीतला एक बैल सकाळी बसला, तो उठेना. अंगात ताप, तोंडाला लाळ, पाय आखडलेले. तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप. तो बहुधा आपोआप उतरतो, हे मामांनाही ठाऊक होतं. त्यांना घोर होता दुसऱ्या बैलाचा. एका बैलाला जोड मागून आणता येते. दोघंही बसले तर डवरणी राहणार आणि गवत कपाशीच्या वर जाणार.

संध्याकाळी त्यांनी धड बैलाचा कासरा सोडला.

"कुठे नेता, मामाजी?"

"नाल्यावर बांधतो. इथं राहिला तर त्याचं याले लागन."

गावात सगळे असंच करत. नाल्याकाठी मी कालच जाऊन आले होते. चिलटांनी फोडून काढलेले हात अजून खाजत होते.

"नका नेऊ."

"काहून वं?"

ओट्यावर बसलेले शेजारचे काका हसले. "कॉन्व्हेंटवाली आता बैलाले इंग्रजी शिकवून राहिली का गा?"

माझी मान खाली गेली. पण बोलले. "हा ताप जवळ बांधल्यानं लागत नाही. चिलटं, डास आजारी बैलाचं रक्त पितात, त्यातून विषाणू घेतात आणि दुसऱ्याला चावून त्याच्या अंगात सोडतात. नाल्यावर तेच जास्त आहेत."

मामा कासरा धरून उभेच. मग बैल परत वळवला. "धूर करा लागन मंग."

मामीनं आणि मी गोठ्यातलं ओलं शेण काढलं, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. रोज. तिसऱ्या दिवशी आजारी बैल उठला. दुसरा बसलाच नाही. एका बैलावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. तरी ऊर भरून आला तो आलाच.

चौथ्या दिवशी काका आले. त्यांची गाय बसली होती. "धूर कायचा केला गा?"

"मले काय विचारतं? डॉक्टरीण घरात हाय. तिले विचार," मामा म्हणाले.

मी बाहेर आले. काकांच्या हातात काढा पाजायची बांबूची नळी होती.

"ती आधी खाली ठेवा," मी म्हणाले. "या तापात गाईला गिळता येत नाही. काढा फुफ्फुसात जाईल."

त्यांनी नळी ओट्यावर ठेवली.