हेड्विगला मिळालेली दहा मिनिटं

आमच्या नीउ-व्हेनेप या डच गावात मंजूषाला सगळे ओळखतात ते तिच्या पुरणपोळ्यांमुळे, आणि याचा मला राग येतो. ही बाई पुण्यात कॉलेजात जर्मन शिकवत होती. नवऱ्याला, सारंगला इकडे नोकरी लागली म्हणून ती त्याच्या मागोमाग आली. आता एका कंपनीत दिवसभर फोनवर जर्मन गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. एवढ्या शिक्षणाचं चीज झालं ते असं.

शनिवार मात्र तिचा स्वतःचा. डबा घेऊन ती ट्रेननं मास्ट्रिख्टला जाते. हेड्विग लांबाख नावाची जर्मन लेखिका तिथे राहून गेली. तिचं चरित्र मंजूषा मराठीत लिहितेय. हेड्विगनं गिरणीतल्या बायकांच्या संपावर कादंबरी लिहिली, नाझींविरुद्ध पत्रकं छापली, तुरुंगात गेली. सुटल्यावर पुन्हा धरायला येणार हे कळलं, तेव्हा पायी सीमा ओलांडून इकडे आली आणि इथेही लिहीत राहिली. हे सांगायला लागली की मंजूषाचा चहा गार होतो. आम्हा दोघी-तिघींखेरीज ते कुणी ऐकलेलंच नव्हतं. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळाली तेव्हा ती हरखून गेली. आपल्या माणसांना हेड्विग कळावी, एवढंच तिला हवं होतं.

मग मंडळाच्या अध्यक्षांचा, अभिजितचा फोन आला. स्टेजवर राजकारण नको, असा आपला नियम आहे म्हणे. हे गृहस्थ स्वतः सकाळी उठल्यापासून व्हॉट्सॅपवर देश चालवत असतात. भाषणातला संप गाळा, पत्रकं गाळा, तुरुंग तर गाळाच, समोर लहान मुलं बसलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सरळ नाही म्हणून सांग. पण सारंग गयावया करायला लागला.

"आपला सिटिझनशिपचा अर्ज गेलाय, मंजू. उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं?"

अर्जाचा आणि त्या मेलेल्या बाईचा काय संबंध, ते त्यालाच ठाऊक. मंजूषानं मुकाट्यानं कात्री लावली. मला तिचाही संताप आला.

फॅन्सी ड्रेस आणि लावणी यांच्या मधे ती उभी राहिली. हेड्विगची बाग, हेड्विगची मांजर, हेड्विगला आवडणारा सफरचंदाचा केक. लोक चकल्या खात ऐकत होते. संपल्यावर जयंतीकाकूंनी हात वर केला. त्या आपल्या मुलाकडे राहायला आल्या होत्या, आणि बहुधा त्या एकट्यांनीच नीट ऐकलं होतं.

"पण मग ही बाई स्वतःचा देश सोडून इकडे आली कशाला?"

मंजूषानं सारंगकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. माझ्या मनात आलं, आता तरी सांगून टाक गं.

"नवऱ्याची बदली झाली," ती म्हणाली.

हेड्विगनं जन्मात लग्न केलं नव्हतं. पण सभागृहाला ते लगेच पटलं. जयंतीकाकू समजुतीनं हसल्या, आसपासच्या बायकांनी माना डोलावल्या, आणि टाळ्या पडल्या.