गुळव्या महादेवचा तापाचा चार्ट

माझं शेवटचं पोस्टिंग लष्कराच्या कुठल्याही कागदावर नाही. ते जळकोटच्या अलीकडे, एका शेतातल्या पत्र्याच्या खोलीत होतं. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. पेशंट एक: महादेव, वय अडतीस, गुऱ्हाळावरचा गुळव्या. कढई उतरवताना पाय घसरला आणि उकळता पाक अंगावर आला. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले.

लष्करात मी सतरा वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. बर्फातल्या पोस्टवर स्टोव्हचा भडका उडून भाजलेले जवान मी सांभाळले होते. तिथं वायरलेसवर 'बर्न केस, एक' एवढं कळवलं की हवामान उघडताच हेलिकॉप्टर यायचं. इथं दवाखान्यानं महादेवला तीन दिवस ठेवलं आणि घरी पाठवलं, कारण भाजलेल्यांचा वॉर्ड कोविडला दिला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला, "ड्रेसिंग जमेल?" मी म्हणालो, "जमेल." फुशारकी नव्हती, खरंच जमत होतं.

रोज सकाळी सातला पोहोचायचो. हात धुणं, ग्लोव्हज, डबल मास्क. थर्मामीटर, नाडी, मग ड्रेसिंग. सगळं चार्टवर. आठ वाजता डॉक्टरांना फोन.

"ताप?"

"निल."

"वास?"

"निल."

"ठीक. चालू ठेवा."

महादेव गमत्या माणूस. पट्टी काढताना कळवळायचा आणि लगेच म्हणायचा, "मेजर, सोलायला म्या काय ऊस हाय का?" त्याची बायको सुनंदा उकळून गार केलेलं पाणी घेऊन दारात उभी असायची. चार्ट सरळ रेषेत चालला होता. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

नवव्या दिवशी त्यानं मला ओळखलं नाही. नाडी एकशेतीस, श्वास वरच्या वर, हात गार. ताप निल. हे जुळत नव्हतं. मी मास्क खाली ओढला आणि जखमेवर वाकलो. कुजका वास होता, आणि तो आजचा नव्हता.

"वहिनी, ताप कधीपासून?"

तिनं पाण्याचं पातेलं खाली ठेवलं.

"कधीपासून?" मी परेडच्या आवाजात ओरडलो.

"पाच दिस झालं. तुमी यायच्या आधी, सहाला गोळी देत हुते. यांनीच सांगितलं. ताप दिसला की कोरोनात नेत्यात, तिथनं माणूस परत येत न्हाय म्हणले."

तपासणीवाल्या बाई कपाळाला मशीन लावायच्या आत गोळी घ्यायची, हे त्या दिवसांत गावागावांत चालायचं. मला ते माहीत होतं. माझ्याच पेशंटच्या घरात चालत असेल, हे सुचलं नाही. आणि पांढऱ्या मलमाखालची जखम डोळ्यांना फसवते, ती नाकानं तपासायची, हे मला ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी आठ दिवस दोन मास्कमधून 'वास निल' कळवत होतो.

सात वीसला फोन केला.

"बर्न केस, सेप्टिक. बेड पाहिजे."

"बर्नचा बेड नाही. सोलापूरवाले आधी कोरोनाचा रिपोर्ट मागतात."

"रिपोर्टला किती वेळ?"

"दोन दिवस."

"पेशंटकडं दोन दिवस नाहीत, सर."

"घेऊन या. संशयितांच्या वॉर्डात ठेवतो."

ॲम्ब्युलन्स मोकळी नव्हती. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकली. साडेनऊला गेटवर होतो. मला आणि सुनंदाला आत घेतलं नाही. वॉर्डात खोलीभर पेशंट आणि एक सिस्टर. तिनं जमेल ते सगळं केलं, दोष तिचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला महादेव गेला. रिपोर्ट त्यानंतर आला. निगेटिव्ह. तोवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंत्यसंस्कार उरकले होते. सुनंदाला तोंडही पाहायला मिळालं नाही.

पंधरा ऑगस्टला झेंड्याला सॅल्यूट करताना मी दोन शहीद साथीदारांची नावं मनात घेतो. आता तिसरं महादेवचं घेतो. तो फौजी नव्हता, पण माझ्या ड्युटीवर गेला.

वर्षश्राद्धाला सुनंदानं जेवायला बोलावलं. वाढता वाढता ती थांबली.

"मेजर, खरं सांगा. म्या गोळी दिली नसती तर वाचलं असतं का हो?"

"न्हाय, वहिनी. भाजलंच लई होतं."

तिनं मान हलवली आणि पुढच्या पानाकडं गेली. मी खाली बघून जेवत राहिलो. पाच दिवस हातात होते. महादेव वाचला असता.